वादळात थांबवायची पवनचक्की

"यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, तूसुद्धा नाही," आजोबांनी आधीच बजावून ठेवलं. "पण या समोरच्या पठारावर एकदा परग्रहावरचा पाहुणा उतरला होता. माझ्या हातचं पिठलं त्याने ओरपून खाल्लं आणि वर पुन्हा मागून घेतलं!"

एरवी चैत्राली खो-खो हसली असती. आज ती पायरीवर बसून नुसती चपलेचा पट्टा ओढत राहिली.

आत आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. पठारावरच्या पवनचक्क्यांची दुरुस्ती करणारी आई, शिडी चढायला वसाहतीत सगळ्यांत चपळ. गेले कितीतरी आठवडे ती पलंगावरून उठतच नव्हती. आंघोळ नको, जेवण नको, बोलणंही नको. घरातला यंत्रमानव भालू पेजेची वाटी घेऊन आत जायचा आणि तशीच बाहेर आणायचा. "पेज नाकारली," असं तो सांगायचा. दूध उतू गेलं हेही तो याच सुरात सांगायचा.

दुपारी डॉक्टर फरीदा मुल्ला येणार होत्या. बाबांनी सकाळीच चैत्रालीला दटावलं होतं, "विचारलं तर म्हणायचं, उदास असते, झोपून असते. बाकीचं काही काढायचं नाही. ते काय आजारपण होतं? सोन्यासारखं काम केलं तिने!"

बाकीचं म्हणजे खंडेनवमीच्या आधीचे दिवस. खंडेनवमीला वसाहतीत पान्यांची, दोरांची, शिड्यांची पूजा व्हायची आणि ज्याने वर्षभरात सर्वांत जास्त काम केलं, त्याच्या हातून नारळ फोडायचा अशी रीत होती. यंदा तो मान आईला मिळाला होता. मिळणारच! त्याआधी ती रात्र रात्र झोपली नव्हती, तरी थकत नव्हती. एक चक्की जोडून व्हायच्या आत दुसरी उघडायची. एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू करायची. सगळ्या पठाराला पुरेल एवढी एकच चक्की बांधणार म्हणायची. एकदा तर कमरेला दोर न बांधताच टोकापर्यंत चढली आणि वरून गाणी म्हणू लागली. खाली सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चैत्रालीनेही वाजवल्या. पहाटे तिला उठवून आईने तिच्याबरोबर दारात मावणार नाही एवढा पतंग केला होता. इतके सुंदर दिवस चैत्रालीने कधी पाहिले नव्हते.

घरातली शांतता तिला सोसेना. "मग त्या पाहुण्याचं काय झालं?" तिने विचारलं.

"त्याच्या पोटावर दिवा होता. आनंद झाला की पिवळा, वाईट वाटलं की निळा. सकाळपासून सारखा रंग बदलायचा. मी म्हटलं, काय रे, आजारीबिजारी आहेस का? तर म्हणतो, छे! रंग बदलतोय म्हणजे मी धडधाकट आहे."

"मग आजारी केव्हा म्हणायचं?"

"मीही हेच विचारलं. तो म्हणाला, तुझ्या चक्क्यांना विचार." आजोबा पठाराकडे बघू लागले. आयुष्यभर त्यांनी वाऱ्याचाच अभ्यास केला होता. "बरं, तूच सांग. सकाळी वारा पडला, दुपारी सुटला, तर आपण दुरुस्ती काढतो का?"

"नाही. वारा असाच असतो."

"मन पण तसंच. भांडण झालं की खट्टू, पतंग उडाला की खूश. पण वारा वाहतोय आणि पातं आठवडेच्या आठवडे हलतच नाहीये, असं झालं तर?"

"मग काहीतरी बिघडलंय."

"हां. दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज, मन खालीच राहिलं, आवडीचंही नकोसं झालं, झोप आणि भूक बिघडली, रोजची कामं होईनात, तर ते नैराश्य (नुसतं दुःख नव्हे, उपचार लागणारा आजार) असू शकतं. आता सांग, वादळात चक्की कशी दिसते?"

"भारी दिसते! पण वादळात आपण ती चालू देत नाही. ब्रेक लावून थांबवतो."

"का गं? किती जोरात फिरते!"

"मोडेल ना!" चैत्राली म्हणाली आणि तिच्या हातातला चपलेचा पट्टा सुटला. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, आई वादळात होती का?"

आजोबांच्या आवाजातला खट्याळपणा गेला. "असेल. दिवसेंदिवस झोप नाही, तरी थकवा नाही. बोलणं धावतं, बेत आभाळाएवढे, धोका दिसतच नाही, आणि माणूस नेहमीसारखा वाटत नाही. हे एक टोक, आणि आत्ता आहे ते दुसरं. दोन्ही टोकं असतील तर डॉक्टर त्याला बायपोलर म्हणतात, म्हणजे द्विध्रुवी विकार (मन दोन टोकांना ओढलं जाण्याचा आजार). पण नाव आपण ठेवायचं नाही. दुसऱ्या एखाद्या दुखण्यानेही असं होतं. ते तपासणं डॉक्टरांचं काम. आपण पाहिलं ते सांगायचं."

"आणि नाही सांगितलं तर?"

"मग त्या नुसतं मन वर उचलायचं औषध देतील. दुसरं टोक असलं, तर तेवढ्याच औषधाने ती पुन्हा वादळात जाऊ शकते."

पुन्हा दोराशिवाय. चैत्राली पायरीवरून उठून उभी राहिली. "म्हणजे ते पतंगाचे दिवस खोटे होते?"

आजोबांनी तिला जवळ ओढलं. "पतंग खरा होता, बाळा. तुझ्यावरची माया खरी होती. झोप उडाली होती, तेवढा आजार."

डॉक्टर आल्या. आईशी थोडं बोलल्या. आईने मान हलवली तेवढीच. मग पलंगाशेजारीच बसून त्यांनी बाबांना विचारलं, "याआधी कधी याच्या उलट झालं होतं? झोपेविना भलताच उत्साह?"

"छे, छे," बाबा म्हणाले.

"झालं होतं," चैत्राली म्हणाली.

"चैतू!"

पण ती थांबली नाही. झोप, बोलणं, बेत, सगळं सांगितलं. दोराचंही सांगितलं.

बाबा डॉक्टरांकडे वळले. "अहो, सगळी वसाहत टाळ्या वाजवत होती. नारळ मीच दिला तिच्या हातात."

"टाळ्या वाजतातच," डॉक्टर म्हणाल्या. "तो काळ घरच्यांना बरा वाटतो, म्हणून कुणी सांगत नाही. आता रक्त तपासू, मग औषध ठरवू. फरक पडायला आठवडे लागतील. कदाचित औषध बदलावंही लागेल. पण उपचार घेऊन माणसं पुन्हा कामावर जातात."

"दोर बांधून?" चैत्रालीने विचारलं.

"दोर बांधून."

डॉक्टर गेल्या. आई तशीच होती, भिंतीकडे तोंड करून. चैत्राली पलंगाच्या कडेला बसली. आपण आईची चुगली केली, असं तिला वाटत होतं, आणि हे कुणाला सांगताही येत नव्हतं. आजोबांनी, म्हणजे आईच्या अण्णांनी, खुर्ची ओढली.

"तर त्या पाहुण्याची एक बहीण होती. तिचा दिवा असाच विझला होता. मी तिला एक गोळी दिली. एकच! संध्याकाळी ती टुणकन उठली, ढगात उडून गेली आणि जन्मात पुन्हा आजारी पडली नाही."

मग भिंतीच्या बाजूने आवाज आला, गंजलेल्या बिजागरीसारखा.

"खोटं बोलताय, अण्णा. एका गोळीने नाही होत. आठवडे लागणारेत. ऐकलंय मी."