रिकाम्या खोलीतली रापण

वादळ ओसरलं होतं, पण शाळा अजून बंदच होती. संगणकांच्या खोलीत चिटपाखरूही नव्हतं. मग सगळे संगणक कोण चालवत होतं?

आत्याबरोबर शाळेत आलेली नेत्रा दारातच थिजली. खुर्च्या रिकाम्या, तरी पंख्यांची घरघर चालू. प्रत्येक पडद्यावर निळ्या रेषा सरपटत होत्या, अडखळत होत्या, पुन्हा वळत होत्या. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

शाळेचा नियम तिच्या अंगवळणी पडला होता: खोलीत कुणी नसेल तर मेन स्विच पाडायचा. तिने डोळे मिटून तो पाडला. सगळं गप्प झालं. ती शांतता तर जास्तच भयाण वाटली.

वरच्या मजल्यावरून आत्या धावत आली. आत्या सागरशास्त्रज्ञ होती; वादळानंतर ती शाळेतूनच काम करत होती.

"कोणी बंद केल्यान?"

"मी. आत्ये, थंय आत कोणतरी होता!"

"थंय तुझ्या बापाशीक सोधूचा काम चालू होता गो!"

बाबांची सौरहोडी (उन्हावर चालणारी होडी) त्यांच्यासह वादळात बेपत्ता होती. तिचं संदेशयंत्रही मुकं झालं होतं. वाऱ्याने ती कुठे वाहत गेली असेल, याच्या असंख्य शक्यता होत्या; पडद्यांवरच्या निळ्या रेषा म्हणजे त्याच संभाव्य वाटा. एकट्या संगणकाला तो हिशेब करायला आठवडे लागले असते. म्हणून आत्याने हिशेबाचे तुकडे करून रिकाम्या बसलेल्या संगणकांना वाटले होते. ही शाळा, परगावची वाचनालयं, परवानगी देणाऱ्यांची घरं. प्रत्येकाने आपला तुकडा सोडवून उत्तर परत धाडायचं. हेच ग्रिड संगणन (विखुरलेल्या संगणकांनी वाटून घेतलेलं एकच काम).

नेत्राला रडू फुटलं. "म्हणजे बाबांचो हिशेब मी बुडवलंय?"

आत्याने स्विच वर केला आणि तिला जवळ घेतलं. "रापण ओढतंस मां तू?" रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्या गावाने मिळून ओढायचं लांबलचक जाळं. "एकाचो हात सुटलो, तर जाळा परत दर्यात जाता?"

"नाय. दुसरो दोरी धरता."

"हेचा पण तसाच."

मुख्य संगणकाने (कामं वाटून देणाऱ्या संगणकाने) शाळेचे तुकडे तोवर दुसरीकडे सोपवलेही होते. कुणाकडे, ते आत्यालाही ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी सगळी उत्तरं जुळली आणि होडी असण्याच्या जागी नकाशावर लाल ठिपका उमटला. शोधनौका तिथे पोचली तेव्हा उलटलेल्या होडीला घट्ट धरून बाबा तरंगत होते. जिवंत!

दिवाळीच्या सुट्टीत नेत्रा पुन्हा त्या खोलीपाशी आली. आत घरघर चालू होती. पडद्यांवर अनोळखी समुद्राच्या रेषा सरपटत होत्या. पुन्हा काटा आला. कुणाचे बाबा हरवले असतील?

सवयीने तिचा हात स्विचकडे गेला आणि थांबला. घरचा संगणकही आता या दोरीला लावायचा, तिने ठरवलं. दार हलकेच ओढून घेत ती पुटपुटली,

"ओढा रे, ओढा. सोडू नका."