नमुन्याच्या ओढीनं

देशात परदेशातून येणाऱ्या लोखंडी-पोलादी नळ्यांचा आलेख लवकरच शून्यावर उतरेल, असं भाकीत नीरद आंबर्डेकरनं केलं होतं. आलेखानं ते वाचलं नसावं. तो वरच चालला होता.

खारवली बंदरातल्या ‘नळी आयात कल केंद्रा’च्या प्रयोगशाळेत ती लाल रेघ भिंतभर पडद्यावर चढत होती. संचालक मुग्धा कारखानीस तिच्याकडे आजारी मुलाच्या तापाकडे पाहावं तशा पाहत होत्या.

भाकितामागचं कारण साधं होतं. हल्ली येणारी नळी आत्मसांधी पोलादाची होती. फुटली तर मोडलेल्या हाडासारखी आपोआप जुळायची. एका गावाला एक अखंड नळी, वेटोळं करून जहाजावरून यायची आणि जन्मभर पुरायची. न मोडणारी वस्तू माणूस दुसऱ्यांदा घेत नाही, हे नीरदला आईच्या खलबत्त्यावरून ठाऊक होतं.

शेजारी उभ्या नीरदचा फोन वाजला. बोरखिंडच्या सरपंच, म्हणजे त्याची थोरली बहीण कुंदा.

“नीरू, नळी गेली.”

“चोरीला?”

“चोर असता तर पोलिसात नसते का गेले? आपली आपण गेली. टाकीपासून सुटली, चौकातून देवळामागं वळली आणि ओढा ओलांडून पसार. गुरवानं पाहिली. त्याला वाटलं, मीच पाठवलीय.”

“तायडी, नळी चालत नाही.”

“आणि तुझा आलेख वर जाणार नव्हता. सभामंडप नको, नळी घेऊ, माझा भाऊ म्हणतो ही शेवटची, असं सांगून मी गाव वळवलं. आता बाया रिकामे हंडे घेऊन माझ्या ओटीवर बसल्यात. विहिरीत नुसता गाळ. गुरुवारी माझ्यावर अविश्वासाचा ठराव आहे. तू ये नाहीतर नळी पाठव. दोघांतलं एक आलं तरी चालेल, पण नळी आली तर बरं.”

नीरदनं फोन ठेवला तेव्हा दारात धातुशास्त्रज्ञ डॉ. रेवणसिद्ध हत्तरगी उभे होते. जमिनीखालचा धातू हेरणाऱ्या भूवेधी उपग्रहाचा नकाशा त्यांनी पडद्यावर टाकला. देशभरातून निघालेल्या बारीक रेघा, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला.

“चालते बरं का,” हत्तरगी म्हणाले. त्यांनी फोनवरचं बोलणं ऐकलं होतं आणि ते लपवायची त्यांना गरज वाटली नाही. “या पोलादाला जखमस्मृती असते. कापलेली कड आपल्या जोडीची कड ओळखते. मग शेपटीकडचे लोहकण तोंडाकडे सरकतात, मुंग्यांची रांग सरकते तसे. नळी तेवढीच राहते, फक्त जागा बदलते. म्हणून तर ती जुळते.”

“किती अंतरावरून?”

“आम्ही वीतभर ठेवून पाहिलं होतं. जुळली. मग चहाला गेलो.”

“पण कारखान्यातही ती कापतातच की,” कारखानीसबाई म्हणाल्या.

“तिथं लगेच तोंडं भट्टीत भाजतात. स्मृती मरते. भाजल्याशिवाय कापू नये, असं वेष्टनावर लिहिलेलं असतं.”

“कुठल्या भाषेत?”

“त्यांच्या.”

तिघांनीही हळूच कोपऱ्यातल्या कपाटाकडे पाहिलं. बंदरावर उतरलेल्या प्रत्येक नळीचा हातभर तुकडा करवतीनं कापायचा, लाल दोऱ्यानं चिठ्ठी बांधायची आणि नमुना म्हणून ठेवायचा, ही केंद्राची जुनी पद्धत. कापायचं काम नीरदकडे होतं. तो थंडच कापायचा. भाजलेला नमुना केंद्र नमुना मानत नसे.

नीरदनं नकाशावरच्या रेघा बोटानं पुढं नेल्या. सगळ्या कपाटात येऊन मिळाल्या.

“म्हणजे नळी गेली की गाव नवी मागवतं,” तो म्हणाला. “नवी आली की आपण नमुना कापतो. मग तीही निघते. आयात वाढतेय, कारण…”

“कारण तुम्ही तिचा अभ्यास करता,” हत्तरगी म्हणाले.

“अहवालात हे असं लिहू नका,” कारखानीसबाई म्हणाल्या.

“नमुनेच भाजून टाकले तर?” नीरदनं विचारलं.

“नळ्या असतील तिथं थांबतील. बोरखिंडची सध्या राखीव जंगलात आहे. रानडुकरांची नळयोजना होईल.”

“मग बोरखिंडचा नमुना परत टाकीपाशी नेऊन ठेवतो. नळी मागं फिरेल. आल्या वाटेनंच जाईल, जमीन तिथं मऊ झालीय. एकदा जुळली की जखम भरली, मग हलायचं कारण नाही.”

“नमुना भाजता येत नाही आणि एकटा बाहेरही नेता येत नाही,” बाई म्हणाल्या. “संच मोडतो.”

“संच हलवता येतो?”

बाईंनी विचार केला. सकाळीच त्यांच्या गाडीखालून एका नळीनं तोंड वर काढलं होतं आणि ते कपाटाजवळच्या खिडकीकडे वळलेलं होतं.

“संच हलवता येतो,” त्या म्हणाल्या.

“पण आंबर्डेकर,” हत्तरगी म्हणाले, “अख्खा संच जर…”

“डॉक्टर, गुरुवार आहे,” नीरद म्हणाला आणि ट्रक बोलवायला गेला.

कपाट बोरखिंडच्या समाजमंदिरात पोचलं. सुटे काढलेले नमुने एकाच छपराखाली असले की संच मोडत नाही, असा अर्थ बाईंनीच लावला. टाकी समाजमंदिराला खेटून होती. कुंदानं पत्र्याचं छप्पर तिच्यावर वाढवून घेतलं आणि गावाचा नमुना टाकीच्या तोंडाशी बांधला. नकाशावर बोरखिंडची रेघ जंगलात अडखळली, विचारात पडल्यासारखी थांबली आणि वळली.

गुरुवारी कुंदाचा फोन आला. मागं भांड्यांचा खणखणाट होता.

“आली रे. ओढ्यावरून, देवळामागून, चौकातून, गेली तशीच. नमुन्याला चिकटली आणि पाणी सुटलं. ठराव मांडणारा बाप्पासाहेब स्वतः बादली लावून उभा आहे. आता मला खाली ओढलं तर बादलीही खाली येईल, हे त्याला कळतं.”

नीरदनं समोरचा चहा उचलला. पुष्कळ दिवसांनी तो गरम असताना तोंडाला लागला.

“एक विचारू का?” कुंदा म्हणाली. “खिंडीतून अजून काहीतरी येतंय. गुरव म्हणतो, पलीकडच्या डोंगरावरूनही येतंय. सगळं समाजमंदिराकडे तोंड करून. कोण आहे?”

नीरदनं नकाशा उघडला. खारवलीकडे एकही रेघ उरली नव्हती. शेजारच्या पडद्यावर नव्या नळ्यांच्या मागण्या पडायला लागल्या होत्या. ज्या गावांची नळी अजून जागेवर होती, त्यांच्याही, आपलीही जाईल या धास्तीनं.

“तायडी,” तो म्हणाला, “बाकीचा देश.”

पलीकडे कुंदानं कुणाला तरी बादली बाजूला घ्यायला सांगितलं. मग सरपंचांनी विचारलं,

“मुक्कामाला?”