सव्वानऊचं पाणी

खाडीचं पाणी मोजणाऱ्या मोजणीदाराचं डोकं होडीच्या लोखंडी नांगराने फोडलं होतं. रक्त टेबलावरून ओघळून जमिनीवर साचलं होतं. फौजदारबाई खाडीकाठच्या खोलीत पोहोचल्या, तोवर जमावाने नावाड्याला दगडांनी ठेचून अर्धमेला केला होता. प्रेत आधी त्याने पाहिलं आणि उचलायला गेला, एवढाच त्याचा गुन्हा. पण टेबलावरच्या वहीतली शेवटची ओळ त्याच्या मुळावर उठली होती. ‘सव्वानऊ. दिशा २७०. प्रवाह पूर्वेकडे. नावाडी भांडायला आलाय.’

आता तो इस्पितळात, खाटेला बेडीने जखडलेला, आणि जमाव फाटकाबाहेर. संध्याकाळपर्यंत खरा खुनी हाती लागला नाही तर हे लोक आत शिरून त्याला संपवणार, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. लोकांचं काय जातं? उचलला दगड, मारला.

फुटक्या जबड्यातून नावाडी एवढंच म्हणाला, की सव्वानऊला तो खाडीत होता, पाणी पश्चिमेला ओढत होतं, वल्ही मारून जीव मेटाकुटीला आला.

बाई परत खोलीत आल्या. खाडीच्या तळाशी बसवलेलं यंत्र पाण्यात आवाज सोडायचं, आणि वाहत्या कणांवरून परतलेल्या प्रतिध्वनीवरून प्रवाहाचा वेग, दिशा इथे पडद्यावर दाखवायचं. सव्वानऊची नोंद होती, दिशा २७० अंश. बाईंनी वहीची मागची पानं चाळली. जिथे जिथे २७०, तिथे मोजणीदाराने ‘पश्चिमेकडे’ लिहिलं होतं. वीस वर्षं पाणी मोजणारा माणूस नेमका आजच बरा चुकला!

त्यांनी मोजणीदाराच्या बायकोला आणि तिच्या धाकट्या भावाला बोलावलं. भाऊ वेधशाळेत नोकरीला होता; आता बहिणीला सावरत उभा होता.

“काम काय करता?”

“वारा मोजतो. बारा वर्षं झाली.”

“सव्वानऊला कुठे होतात?”

“घरी.”

बाईंनी पडदा त्याच्याकडे वळवला. “ही दिशा वाचता येते?”

“त्यात काय? दोनशे सत्तर. पश्चिमेकडून पूर्वेकडे.”

“वाऱ्याची दिशा तो कुठून आला त्यावरून सांगतात,” बाई म्हणाल्या. “पाण्याची, ते कुठे चाललंय त्यावरून. दोनशे सत्तर म्हणजे पाणी पश्चिमेकडे चाललं होतं, नावाडी म्हणाला तसंच. वहीतली ओळ वारा मोजणाऱ्याने लिहिली. खून करून तुम्ही पडद्यावरचा आकडा उतरवलात आणि दाजींचं अक्षर गिरवलंत, पण सवय तुमचीच राहिली.”

मग त्याने बहिणीची बाही वर सारली. कोपरापर्यंत चटक्यांचे डाग होते.

“गुरासारखा मारायचा हिला. तुझ्यासाठी केलं, ताई.”

बहिणीने हात सोडवून घेतला. “आणि नावाड्याला कुणासाठी? पहिला दगड तूच मारलास. मी पाहिलं.”

बाईंनी इस्पितळात फोन लावला, बेडी काढायला सांगितली. मग नावाड्याच्या बायकोला फोनवर बोलावून म्हणाल्या, “सुटला तुझा नवरा. दोन्ही हात मोकळे करायला लाव.”

“बेडी डाव्याच हाताला आहे, बाई,” ती म्हणाली. “उजवा दुपारी कापला.”