दादींची खिडकीची सीट

आमच्या बिल्डिंगमध्ये सध्या सगळ्यात जास्त बडबड करणारी मुलगी मी आहे, आणि हे मला मान्य आहे. नववीपर्यंत मी वर्गात हातसुद्धा वर करत नव्हते. यंदा दहावीत इंटरस्कूल डिबेट जिंकले, तेही 'दिसतं तेवढंच खरं' या बाजूने बोलून, आणि तेव्हापासून माझं तोंड कुणाला बंद करता आलेलं नाही. त्यामुळे पुढचं सगळं मी जसं दिसलं तसंच सांगणार आहे. उगाच तिखटमीठ नाही.

आम्ही शारजाला अल मजाजमध्ये राहतो. खालिद लगूनच्या काठावर, चौदाव्या मजल्यावर. समोरच्या फ्लॅटमध्ये माझी मैत्रीण एमान. आम्ही पुण्याचे, ते रत्नागिरीकडचे. एमान माझ्या 'काय गं'ला हसते आणि मी तिच्या दादींच्या 'काय गो'च्या प्रेमात आहे.

या हिवाळ्याच्या सुट्टीत एमान, तिची अम्मी जहांआरा आंटी आणि दादी अशा तिघी उमऱ्याला जाणार होत्या. आधी मक्का, मग तिथून ती हायस्पीड ट्रेन. ताशी तीनशे किलोमीटर, वाळवंटातून थेट मदिना! दादींना विमानाचं काहीच कौतुक नव्हतं. त्यांना ती ट्रेन हवी होती, आणि खिडकीची सीट हवी होती. "माझा बाप हजला बोटीतून गेलेला," त्या म्हणायच्या, "मी आगीनगाडीतून जानार." एमान म्हणायची, "दादी, त्यात आग नसते, इलेक्ट्रिक आहे." मग दादी तिच्या डोक्यात टपली मारायच्या.

उमऱ्याला कोणी निघालं की शेजारपाजारचे येऊन सांगतात, मदिन्यात नबींच्या रौज्यासमोर, त्यांच्या कबरीपाशी, माझाही सलाम पोचवा, माझं नाव घेऊन पोचवा. दादींनी अख्ख्या बिल्डिंगचे सलाम घेतले. लिहून वगैरे नाही, तोंडपाठ. वॉचमनचाही घेतला. माझी आई ऑफिसमधून येता येता लिफ्टपाशी थबकली आणि संकोचून म्हणाली, "दादी, माझाही नमस्कार सांगाल का? चालतो ना?"

"चालतो म्हंजे! विभावरी ना नाव तुझा? सांगीन." मग माझ्याकडे वळून दादी म्हणाल्या, "सलाम ही अमानत असते बाय. घेतला की पोचवायचाच."

आणि निघायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी दादींचा विमानप्रवास बंद केला. हार्ट.

घरात रडारड झाली. दादी सोडून सगळे रडले. दादींनीच एमान आणि आंटीला दटावून पाठवलं. त्यांची मुलगी शहनाझ आंटी अजमानहून रात्री सोबतीला यायची, दुपारी मी. एमान जाताना म्हणाली होती, "दादी, सगळ्यांचे सलाम मी पोचवते ना." दादींनी मान हलवली. "लोकांनी मना दिलेत. तुना नाय."

ते मला सहन होईना. आणि मला आयडिया सुचली.

ट्रेनमधलं दादींचं बुकिंग रद्द करायचं राहून गेलं होतं. म्हणजे एमानच्या शेजारची खिडकीची सीट रिकामीच जाणार होती. मी एमानला मेसेज केला, "बोटिम अॅपवर व्हिडिओ कॉल लाव. फोन दादींच्या सीटवर ठेव, खिडकीकडे तोंड करून. इकडे मी दादींना बसवते. दादी जाणार म्हणजे जाणार!"

एमानने रडणारे, नाचणारे आणि हात जोडणारे इमोजी पाठवले.

दुपारी मी दादींची आरामखुर्ची हॉलच्या खिडकीशी ओढली. समोर स्टुलावर टॅबलेट. शेजारी टीपॉयवर त्यांच्या गोळ्या आणि काचेच्या ग्लासात पाणी. त्यांनी प्रवासासाठी शिवलेला पांढरा ड्रेस घातला, डोक्यावर पांढरी ओढणी घेतली, आणि पायात नव्या चपला. घरातल्या घरात.

कॉल लागला. स्क्रीनभर खिडकी, आणि खिडकीत हळूहळू मागे सरकणारा प्लॅटफॉर्म.

"सुटली!" दादी म्हणाल्या. लहान मुलीसारख्या.

"दादी, आता आरामात बसा. डोळा लागला तरी चालेल. मदिना आलं की मी उठवते."

"नक्की ना? ठेसन चुकला तर सगल्यांचे सलाम माझ्याजवलच र्‍हातील."

"प्रॉमिस!"

वाळू, खांब, वाळू, खांब. थोड्या वेळाने दादींचे डोळे मिटले. मी त्यांच्या पायाशी बसून फोनवर रील्स पाहत होते. एसी बंद होता, खिडक्या बंद होत्या. खाली लगूनवर नेहमीसारखी ऊन खाणारी माणसं.

पाण्याकडे माझं लक्ष सहज गेलं. ग्लासातलं पाणी तिरकं होतं.

मी टीपॉयवर हात ठेवून बघितला. हलत नव्हता. पाणी हिंदकळतही नव्हतं. ते फक्त एका बाजूला चढून स्थिर थांबलं होतं. मी फोनमधलं लेव्हलचं अॅप उघडून फोन टीपॉयवर ठेवला. शून्य अंश. एकदम सपाट.

स्क्रीनवर ट्रेन मोठं वळण घेत होती. वळण संपलं आणि पाणी हळूच सरळ झालं.

मी हसले. खरंच हसले, कारण असं काही नसतं. मग पाहिलं, दादींच्या चेहऱ्यावरून एक सावली सरकून गेली. मग दुसरी. खांबांसारख्या, एका लयीत. आमच्या खिडकीबाहेर चौदाव्या मजल्यावर कसले खांब?

एवढ्यात टॅबलेटमधून एमान कुजबुजली. "शुभ्रा, आहेस? ऐक ना, इतकं क्यूट! तो अटेंडंट आला होता. मला विचारतो, हज्जाला थंडी वाजतेय का, ब्लँकेट आणू का?"

हज्जा म्हणजे म्हाताऱ्या बाईला आदराने म्हणतात ते. एवढं अरबी आम्ही शाळेत शिकलोय.

"कुठल्या हज्जाला?"

"अगं, दादींना! फोनमध्ये दिसल्या असतील."

"एमान, तुझ्या फोनची स्क्रीन कुठे आहे?"

"सीटला टेकलीये. कॅमेरा खिडकीकडे ना, तूच तर सांगितलंस."

मग त्याला दादी कुठे दिसल्या? हे मी विचारलं नाही. मी दादींचा हात धरला. हात थंडगार होता, आणि अगदी बारीक थरथरत होता, धावत्या गाडीत थरथरतो तसा. श्वास व्यवस्थित चालला होता.

"एमान, तू त्या सीटवर हात ठेवून बघ."

"का?"

"बघ ना!"

स्क्रीन हलली. एमानचा हात दिसला, निळ्या कव्हरवर. सीट खोलगट दबलेली होती.

"गरम आहे," एमान म्हणाली. "ऊन येतंय ना खि..."

कॉल तुटला.

मी परत लावला. लागेना. जहांआरा आंटींना लावला. स्विच्ड ऑफ. दादी डोलत होत्या, पाणी कधी इकडे चढत होतं, कधी तिकडे. मला उठून पळायचं होतं. पण मी त्यांना प्रॉमिस केलं होतं, आणि कॉल नसेल तर मदिना आलेलं मला कळणार कसं?

ते मला ग्लासानेच सांगितलं. पाणी पुढे चढलं, बराच वेळ तसंच राहिलं, आणि मग सपाट झालं. सावल्या थांबल्या. हाताची थरथर थांबली.

आलं होतं.

मी तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. हॉलभर लोकांसमोर बोलणारी मी. मला फक्त म्हणायचं होतं, 'दादी, आलं, उतरा.' पण उतरा म्हणजे कुठे? त्या तिथे उतरल्या तर या खुर्चीत कोण उरणार? जी उरेल ती श्वास घेत असेल का?

मी त्यांचा हात घट्ट धरला आणि गप्प बसले. पाणी सपाट. किती तरी वेळ सपाट.

मग एमानची व्हॉइस नोट आली. मागे गर्दीचा आवाज. "पोचलो! बॅटरी संपली होती यार, आत्ता स्टेशनवर जरा चार्ज केला. दादी खूश ना? आणि तो अटेंडंट कसला जोकर आहे! आम्ही उतरलो तर मागून हाक मारून म्हणतो, हज्जा झोपल्यात, त्यांना उठवा, गाडी आता परत मक्क्याला जाणार."

मी ग्लासाकडे पाहिलं. पाणी हलकेच पुन्हा एका बाजूला चढायला लागलं होतं.

"दादी!" मी ओरडले. "दादी, उठा!"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. सावल्या परत सुरू झाल्या, आता उलट्या दिशेने. आधी सावकाश. मग भराभर. दादींचे ओठ हलले.

"मदिना आला काय गो?"

आता 'आलं' म्हणता येणार नव्हतं, गाडी धावत होती.

"अजून नाही, दादी." मी त्यांचा हात सोडला नाही. "झोपा तुम्ही. आलं की सांगते." गाडी मक्क्याला जाईल, परत फिरेल, परत मदिन्याला थांबेल. पाणी सपाट होईल. तेव्हा सांगायचं. या वेळी नक्की सांगायचं. तोपर्यंत फक्त त्यांना बसवून ठेवायचं.

बाहेर नूर मशिदीतून मगरिबची अजान सुरू झाली. लगूनवरचे दिवे लागले. खोलीत मी दिवा लावला नव्हता, तरी दादींच्या तोंडावरून सावल्या धावतच होत्या.

"आला काय गो?"

"नाही दादी. नाही आलं."

लॅच वाजला. आई होती, ऑफिसची बॅग खांद्याला, हातात एमानच्या घराची जादा किल्ली आणि दादींसाठी मऊ खिचडीचा डबा. "अंधारात काय बसलाय गं? आणि तू रडतेयस का?"

"आई, थांब, काही बोलू नकोस..."

"मदिना आला काय गो?" दादींनी विचारलं. या वेळी जरा मोठ्याने, काकुळतीने.

आई चटकन पुढे झाली. वाकून, दादींच्या गालावरून हात फिरवत, आजारी माणसाशी बोलतात त्या गोड आवाजात ती म्हणाली, "हो हो, आलं की मदिना. उतरा, सावकाश."

दादी हसल्या. त्यांनी उजवा पाय पुढे टाकला.

खिडक्या बंद होत्या. त्यांची पांढरी ओढणी फाटकन मागे उडाली.

मग ओढणी खाली आली, आणि ग्लासातलं पाणी सरळ झालं.