बॅटरी बसली

पुन्हा तेच सांगू व्हय? तुमाला ऐकायला मजा, तोंड माझं दुखतं. गप बे, मधी बोलू नको.

तवा टीव्हीवर नव्या नव्या गाड्यांच्या जाहिराती यायच्या, अन् आमच्या वस्तीवर विजेचा खांबसुदीक न्हवता. माझ्या बायकोला, भामाला, दमा. उन्हाळ्यात तिचा जीव कोंडायचा, म्हणून ट्रकातला छोटा पंखा बॅटरीवर लावायचो. बॅटरी म्हातारी. आधी रातभर पुरायची, मग भाकरी थापून होईस्तोर उतरायला लागली.

त्या दिवशी उमापूरला गेलतो. राधाकिशनच्या दुकानातून बॅटरी चार्ज करून घेतली, सायकलच्या क्यारेजला बांधली. ऊन उतरायला लागलतं. ओढ्यातल्या बाभळीखाली थांबलो, वायरीला वायर टेकवून बघितली. ठिणगीच न्हाई. तोंडातून निघून गेलं, "च्यायला... बसली!"

अन् क्यारेज दबलं.

मागचं चाक वाळूत रुतलं. तेजाबाच्या वासात ओल्या केसांचा वास मिसळला. मी सायकल तशीच ढकलत निघालो. पाठीमागून घरघर ऐकू यायली... भामाला धाप लागल्यावर येते, तशीच. वळून बघायची छाती झाली न्हाई.

घरी भामा निळी पडलती. घाईनं वायरी जोडल्या. पंखा असा गरकन फिरला, भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं. तिला श्वास आला. मग हळूच म्हणली, "अवं... तिला भाईर कावून उभी केली? आत घ्या की."

"कोणाला गं?"

तिचा डोळा लागला होता. पंखा उजाडेपर्यंत थांबला न्हाई.

सकाळी बॅटरी घेऊन राधाकिशनकडं गेलो. त्यानं मीटर लावलं अन् हसला. "हरिबा, ही तर मेलीय! हिच्यावर रातभर पंखा? सकाळीच दारू लावून आलास व्हय?"

दुकानातली माणसं खिदळली. हसता हसता त्यानं पाण्याचा तांब्या माझ्या पाठीमागं धरला. "घ्या बाई. लई उन्हाचं आलात."

मी वळलो. कुणी न्हवतं. तांब्या मात्र त्यानं रिकामा खाली ठेवला.

तीच मेलेली बॅटरी पुन्हा बांधली. भामाला श्वास पायजे होता. सायकल जड होती... लई जड.

आता विचारलं तर राधाकिशन म्हणतो, तांब्या धरलाच न्हाई, हरिबा पिऊन आलता. भर बाजारात दारुडा म्हणला मला. जन्मात थेंबाला शिवलो न्हाई मी. माफी मागायची राहिलीय, ती त्या राधाकिशननं.