पाच वाजताची नोंद

“घाल ती फाईल चुलीत एकदाची!”

शिवतेज हे इतक्या मोठ्याने बोलला, की त्याचा तोच दचकला. सैन्यातून दोन महिन्यांच्या सुट्टीवर आलेला हा धाकटा भाऊ अंकितावर आजवर कधी ओरडला नव्हता. तिने अजून पायांतल्या चपलाही काढल्या नव्हत्या. सांगलीच्या वाचनालयात रजा टाकून ती पहाटेच्या एसटीने साताऱ्याला आली होती, स्टँडवरून परस्पर पोलीस कचेरीत गेली होती आणि पाचव्यांदा तेच उत्तर ऐकून घरी परतली होती... ‘मॅडम, दोन प्रत्यक्षदर्शींचे जबाब लागतात. तुमच्याकडं एकच आहे.’

“अण्णांना जाऊन चार महिने झाले,” शिवतेजने आवाज खाली आणला. “जिवंतपणी ज्यांना ते नको होतं, ते आता मेल्यावर त्यांच्या गळ्यात कशाला अडकवतेस, ताई?”

“त्यांना नको होतं, त्याची किंमत कोणी मोजली ते तुला माहीत नाही. तू सीमेवर होतास.”

“झालं! फिरून फिरून तिथंच येणार तू.”

“येणारच! कारण फिरून फिरून मीच होते तिथं!”

 शिवतेजने पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला आणि तो खिडकीशी जाऊन उभा राहिला.

अंकिताच्या अंतःकरणात अकरा वर्षे एक प्रश्न ठसठसत होता. अकरा वर्षांपूर्वी पौषात, औंधच्या यमाईच्या यात्रेच्या बंदोबस्तावर असताना तिच्या वडिलांनी, हवालदार आकाराम खराडे यांनी, रस्त्याकडेच्या विहिरीत कोसळलेल्या, प्रवासी भरून चाललेल्या वडाप जीपमधून सहा जणांना जिवंत बाहेर काढले होते. वर्तमानपत्रात नाव आले, ‘खाकीतला देवमाणूस’ असे छापून आले, दारात गुलाल पडायचाच काय तो बाकी राहिला होता. वरिष्ठांनी स्वतः बोलावून सांगितले, ‘प्रस्तावावर सही करा हवालदार, शौर्याचं बक्षीस मिळेल आणि मागता आहात ती कराडची बदलीही करून देऊ.’ तेव्हा आईची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा मिरजेच्या दवाखान्यात डायलिसिस, आणि कराडहून मिरज म्हणजे रेल्वेने सकाळी जाऊन दुपारी परत यावे एवढेच अंतर! पण अण्णांनी सही केली नाही. का, ते सांगितले नाही. पुढच्याच महिन्यात त्यांची बदली झाली ती कोयनेच्या डोंगरातल्या एका ठाण्यात, जिथून मिरजेला पोहोचायला अख्खा दिवस जाई. आणि पुण्याला नुकताच संशोधनासाठी प्रवेश मिळालेली अंकिता वसतिगृहातली ट्रंक उचलून मिरजेच्या भाड्याच्या खोलीत आली, ती आई जाईपर्यंत तीन वर्षे तिथेच राहिली.

एक सही! त्या माणसाच्या हट्टापायी एक सही झाली नाही, म्हणून तिची सगळी उमेद डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकावर झिजून गेली...

आता नव्या पोलीस अधीक्षकांनी परिपत्रक काढले होते, की पूर्वी राहून गेलेल्या शौर्याच्या कामगिरीचा एक मे रोजी सन्मान केला जाईल. दिवंगतांच्या वारसांनीही मार्चअखेर प्रस्ताव द्यावेत. अंकिताने ते वाचले आणि ती झपाटल्यासारखी मागे लागली. तो सन्मान झाला, तर निदान त्या तीन वर्षांना काही अर्थ होता असे तिला म्हणता येणार होते. मुदतीला चार दिवस उरले होते.

“त्या विहिरीपाशी एक होमगार्ड बाई होती,” ती म्हणाली. “कचेरीतल्या जुन्या कागदात नाव सापडलं. धोंडुबाई. औंधच्या पलीकडं राहते. उद्या मी जाणार आहे.”

शिवतेज खिडकीपासून वळला. मग म्हणाला, “मोटरसायकलवर बसशील? एसटीनं दुपार होईल.”

*

धोंडुबाई अंगणात शेळीच्या पिलाला बाटलीने दूध पाजत होत्या. पन्नाशीच्या, हाडापेराने मजबूत. खराडे हवालदारांची मुले म्हटल्यावर त्यांनी पिलू तसेच खाली सोडले, हात लुगड्याला पुसले आणि अंकिताच्या तोंडावरून हात फिरवला.

“तुज्या आयचं, शालूबाईंचं नाक हाय की गं तुला! आणि ह्यो मिल्ट्रीतला व्हय? आवं बसा की, हुभं का? हवालदार गेल्याचं आमाला लय उशिरा कळलं बघा.”

चहा झाला. अंकिताने पिशवीतून कागद काढला. “मावशी, अण्णांना आता सन्मान मिळायची शक्यता आहे. टपरीवाल्या भाऊसोंनी जबाब दिलाय, की रस्त्यापलीकडून त्यांनी खाकी कपड्यातल्या माणसाला विहिरीत उडी घेताना पाहिलं. तुम्हीही तेवढं लिहून दिलंत तर...”

“देते की! काय लिवायचं त्ये सांग, मी आंगठा न्हाई, सही करते. चौथी पास हाय मी.”

“तुम्ही जे पाहिलं, तेच. अण्णांनी उडी कशी मारली...”

 धोंडुबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

“लेकी, तुझ्या बाला पवायला कुटं येत हुतं?”

अंकिताच्या हातातला कागद खाली आला. खरेच की... अण्णा कधी नदीत उतरले नव्हते. घाटावर गेले तरी पायरीवर बसून तांब्याने अंघोळ करीत. हे तिला जन्मभर ठाऊक होते, आणि या अकरा वर्षांत एकदाही तिच्या मनात आले नव्हते!

“मग उडी कोणी मारली?” शिवतेजने विचारले.

“आता हितं तिसरं कोन हुतं रं? मीच! म्हसरांच्या शेपट्या धरून पवायला शिकलेली बाई मी. बांबू बांधायचा सोल हुता, जाड दोर, त्यो कमरंला बांधला आणि टाकली उडी. सा खेपा केल्या. हवालदार वर एकले सोल धरून, वडत हुते. हाताची सालटी निगाली पर सोल सोडला न्हाई. सातवा डायवर... त्यो न्हाई गावला.” त्या क्षणभर जमिनीकडे बघत राहिल्या. “लोकांनी लांबनं खाकी बघितली. खाकी म्हंजे हवालदार. बाई आसंल आसं कुनाच्या डोस्क्यात येतंय?”

“पण मग त्यांनी सांगितलं का नाही?” अंकिताचा आवाज चिरकला. “तुमचं नाव तरी द्यायचं होतं!”

“सांगितलं की! कितीक डाव सांगितलं. पर माजी ड्यूटी पाचाला सुटली हुती कागदावर.”

आणि मग धोंडुबाईंनी सांगितले ते असे. बंदोबस्त सहापर्यंत असे. पण लांबच्या गावच्या होमगार्ड बायांना सव्वापाचची शेवटची एसटी मिळावी म्हणून पॉइंटवरचा हवालदार चार वाजताच वहीत ‘पाच वाजता मुक्त’ अशी नोंद करून ठेवी. सगळेच हवालदार करीत, कोणी मनावर घेत नसे. त्या दिवशीही आकाराम हवालदारांनी तशीच नोंद करून ठेवली. एसटी आली नाही. तेव्हा तेच म्हणाले, ‘धोंडुबाई, गाडी येईपर्यंत फाट्यावरची वाहनं तेवढी वळवा.’ साडेपाचला जीप विहिरीत गेली. विहिरीच्या गार पाण्याने धोंडुबाईंच्या छातीत न्यूमोनिया झाला, पंधरा दिवस जीव वरखाली होत होता. आणि उपचाराच्या खर्चाचा अर्ज गेला तेव्हा कचेरीने वही उघडून बोट ठेवले... पाच वाजता मुक्त. ही बाई ड्यूटीवर नव्हतीच.

“मग तुमचे अण्णा सायबापुडं गेले. म्हनाले, नोंद खोटी हाय, मीच केली, बाई माज्या हुकमानं हुभी हुती. सायेब म्हनला, गप उडी तुजी म्हून सही कर, बक्षीस घे. न्हाई तर खोट्या नोंदीची चौकशी लावीन. तवा हवालदारांनी ह्ये समदं लिवूनच दिलं. माजं काम काय झालं न्हाई त्ये न्हाईच, आणि तेस्नी डोंगरात धाडलं.”

अंकिता ताठ बसून होती. “आईला हे माहीत होतं?”

“तुजी आयच म्हनली तेस्नी, लिवून द्या! मिरजंला मी बगायला गेले तवा माजा हात धरून सांगितलं तिनं. म्हनली, दुसरीच्या जिवावरचं मानपत्र माज्या उशाशी नको.”

“आणि मी?” अंकिता एकदम उठली.  “त्यांनी ठरवलं, आईने ठरवलं... थोर होते दोघं! पण तीन वर्षं त्या बाकावर कोण बसणार होतं, हे ठरवताना मला कोणी विचारलं? मावशी, तुमच्याबद्दल बोलत नाही मी. पण मला निदान सांगायचं तरी होतं! मी अकरा वर्षं बापाला हट्टी म्हटलं, घमेंडी म्हटलं, त्यांच्या तोंडावर म्हटलं... आणि ते ऐकून घेत राहिले!”

धोंडुबाईंनी तिला बसते केले नाही, समजावलेही नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, “लाज वाटत आसंल, लेकी. खोटी नोंद तेंच्याच हातची. पोरीला कुटल्या तोंडानं सांगायचं, की माज्या वहीतल्या एका वळीपायी तुजं शिक्षान ग्येलं?” मग त्यांनी हात पुढे केला. “आन त्यो कागद. उडी तेंनीच मारली आसं लिव, मी सही करते. मला काय बिल्ला लावून शेरडं राकायची हाईत? तेवढंच तेंचं नाव हुईल.”

कागद अंकिताच्या हातात होता. एक सही! जी अण्णांनी केली नव्हती ती आज कोणीतरी आपणहून करायला तयार होते. सहा जणांचे प्राण वाचले हे खरेच होते, दोर अण्णांनी धरला हेही खरेच होते... आणि मेलेल्या माणसाला आता कोण विचारणार होते?

तिने शिवतेजकडे पाहिले. तो म्हणाला, “तू म्हणशील ते, ताई. तीन वर्षं तुझी गेलीत. माझी नाही.”

एवढे एक वाक्य त्याने अकरा वर्षांत कधी उच्चारले नव्हते.  अंकिताने तो कागद घडी करून पिशवीत घातला आणि एक कोरा कागद काढला.

“मावशी, पहिल्यापासून सांगा. वहीतल्या नोंदीपासून.”

परतताना वाटेत तिने त्याला मोटरसायकल थांबवायला लावली. दोन्ही बाजूंना ऊस होता, पाटाला पाणी सुटले होते.

“विचारलं असतं ना शिवा, तर मी हो म्हटलं असतं,” ती म्हणाली. “त्याचाच राग येतोय मला. मी हो म्हटलं असतं, एवढंही त्यांना माझ्याबद्दल माहीत नव्हतं!”

शिवतेज खाली उतरला आणि नुसता तिच्याशेजारी उभा राहिला.

*

कचेरीतल्या लेखनिकाने जबाब दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

“मॅडम, हा तुमच्या वडिलांविरुद्ध जातोय. खोटी नोंद केल्याची कबुली आहे ही. त्यांचा प्रस्ताव इथंच संपला.”

“माहीत आहे.”

“आणि या बाईंचं होमगार्ड म्हणून होणार नाही. नोंदीप्रमाणे त्या मुक्त होत्या. फार तर नागरिक म्हणून शाल-श्रीफळ होईल, त्याला दुसरा जबाब लागत नाही.”

“वडिलांनी तेव्हाच लेखी दिलं होतं, की त्या ड्यूटीवर होत्या. तो कागद शोधा.”

“अकरा वर्षांपूर्वीचा? मॅडम, गेल्या वर्षीचं सापडत नाही इथं...”

 अंकिताने वाद घातला नाही. वडिलांच्या अर्जावर ‘मागे घेत आहे’ असे लिहिले, खाली सही केली, आणि धोंडुबाईंचा प्रस्ताव मुदतीच्या शेवटच्या दिवशी दाखल केल्याची पोच घेऊनच ती उठली.

एक मे रोजी कवायत मैदानावरच्या मंडपात सकाळीच उकडत होते. अधिकारी झाले, अंमलदार झाले. सगळ्यांत शेवटी निवेदकाने घाईघाईने वाचले, “जागरूक महिला नागरिक, श्रीमती धोंडुबाई...” टाळ्या पडल्या न पडल्यासारख्या. अंकिता आणि शिवतेज मागच्या रांगेत उभे राहिले.

धोंडुबाई मंचावर चढल्या. अधीक्षक शाल उलगडून पुढे आले. पण बाईंनी मान वाकवली नाही. त्या चार पावलांवर थांबल्या, टाच आपटली, आणि नऊवारीतल्या त्या बाईने खणखणीत सॅल्यूट ठोकला.

“नागरिक न्हाई, सायेब! होमगार्ड. पॉइंट औंध फाटा. हवालदार आकाराम खराडे यांच्या हुकमानं हजर हुते. ड्यूटी संध्याकाळी सा वाजेस्तवर!”

 निवेदक कागद चाळू लागला. अधीक्षकांनी क्षणभर त्या बाईकडे पाहिले. मग हातातली शाल शेजारच्याकडे दिली, ताठ उभे राहिले आणि तिला उलट सॅल्यूट केला.

कुठल्याही वहीत ते नोंदले जाणार नव्हते. दुसऱ्या दिवशीच्या यादीत ‘नागरिक’ असेच छापून येणार होते, हे अंकिताला पक्के ठाऊक होते. पण शिवतेजने आपल्याही नकळत टाचा जुळवल्या होत्या, आणि त्याच्या गालांवरून आसवे ओघळत होती.

धोंडुबाई शाल खांद्यावर टाकून, नारळ सांभाळत पायऱ्या उतरून आल्या. “बरूबर बोलले का गं, लेकी? दोन दिस पाठ करीत हुते.”

 अंकिताने वाकून त्यांच्या पायांना हात लावला... आणि तिथेच, भर मंडपात, ती इतक्या वर्षांत प्रथमच आपल्या बापासाठी रडली.