लोटनची मूठ

सरकारनं मला अंतराळाचं काम आयुष्यात एकदाच दिलं, आणि तेही बसायचं.

चौसष्टच्या श्रावणात ब्राह्मणपुरीला तापीबाईंच्या केळीत एका प्रचंड फुग्याची पेटी पडली. फुगा दोन देशांनी मिळून सोडलेला. उपकरण त्यांचं, मोजलेली हवा आपली. म्हणून पेटीला लाखेच्या दोन मोहरा, आणि दोन्हीकडचे साहेब हजर असल्याशिवाय ती उघडायची नाही असा करार. परदेशी शास्त्रज्ञ शहाद्याच्या डाकबंगल्यात परवानगीची वाट पाहत होते. त्यांच्याविरुद्ध आमच्याकडे एवढंच होतं की ते फार हसत. तोवर पेटी तापीबाईंच्या ओसरीवर, आणि राखणीला मी, माहिती खात्याचा कारकून.

पेटीच्या झाकणाला तळहाताएवढी काच होती. एवढ्या उकाड्यात तिच्यावर दंव धरे. पुसलं की पुन्हा.

वरची थंडी आत राहिली असेल, असं मी म्हणालो. मग आतून आवाज येऊ लागला. कोणी तळवे एकमेकांवर चोळावेत तसा. बॅटरीचा असावा, असं मी ठरवलं. मला बॅटरीतलं काही कळत नसे, त्यामुळे ठरवणं सोपं गेलं.

तापीबाईंनी पेटीवर गोधडी घातली.

"हे काय, बाई?"

"थंडी वाजी ऱ्हायनी त्याले."

"यंत्र आहे ते."

"मंग यंत्रले थंडी वाजत नई का?"

यावर खात्याचं धोरण मला माहीत नव्हतं.

त्यांचा मुलगा लोटन फौजेत होता. चीनच्या लढाईत बर्फातून परतला नाही. तारेत 'बेपत्ता' एवढंच होतं.

रविवारी घरात कानबाई बसली, खानदेशची श्रावणातली देवी. तिच्या नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, म्हणजे रोटांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं गव्हाची मूठ घेतात. ज्याची मूठ नाही, तो गेला. रोट भाऊबंदांबाहेर कोणाला देत नाहीत, मलाही नाही. दिल्लीची गोपनीयता त्यापुढे अगदीच सैल.

तापीबाईंचा दीर पितांबर गव्हाच्या सुपापाशी बसला होता. "वहिनी, दोन वरीस हुई गयात. लोटननी मूठ आते नका धरू."

"सरकारले माहीत नई तो कोठे शे. तुले माहीत शे का?"

"लोके काय म्हनतीन?"

"लोके रोट खावाले येतस का?"

पितांबरनं सूप आपल्याकडे ओढलं. तापीबाईंचा हात हवेतच राहिला. ओसरीवर फक्त तळवे चोळल्याचा आवाज. पितांबरनं पेटीकडे पाहिलं. मग सूप हळूच परत सरकवलं.

तापीबाईंनी लोटनची मूठ घेतली.

आवाज थांबला.

लोटनचं पान त्यांनी पेटीपुढे वाढलं. रोट, खीर, वर तूप.

"बाहेरनाले देतस का, वहिनी?"

"हाऊ बाहेरना नई शे."

पान तसंच राहिलं. संध्याकाळी ते पितांबरनंच खाल्लं.

दुसऱ्या दिवशी परवानगी आली आणि दोन्ही साहेब आले. मोहरा शाबूत असल्याचं दोघांनी मान्य केलं. झाकण उघडलं. आतून थंडगार हवा आली. उपकरण जागच्या जागी होतं.

परदेशी साहेबांनी झाकण उजेडात धरलं आणि त्यांचं हसणं थांबलं. आमचे साहेब वाकले. काचेवर पाच बोटं उमटली होती, तुपाची.

आतल्या बाजूनं.

हे अहवालात लिहायचं नाही, यावर दोन्ही देशांचं तिथल्या तिथे एकमत झालं.

तापीबाईंनी काचेला बोट लावलं.

एवढ्या थंडीतही तूप थिजलं नव्हतं.